तिवड्यावरची रिंग

टेम्पो ट्रॅव्हलर खळ्याच्या कडेला थांबली आणि रेल्वेच्या बास्केटबॉल टीममधल्या पोरी एकामागून एक खाली उतरायला लागल्या, तशी मांडवातली बायामाणसं हातातलं काम टाकून उभीच राहिली. पोरी म्हणायच्या, पण सगळ्या पस्तिशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या, आणि उंची अशी की शेवटी उतरलेल्या मर्सीला मांडवाची झालर हातानं वर धरूनच आत पाय टाकावा लागला. कल्याणीच्या उंचीची शिनोलीला कधीच सवय झाली होती. पण एक कल्याणी पाहणं वेगळं आणि सात-आठ कल्याण्या एकदम अंगावर येणं वेगळं. झुंबरआत्यांनी तर पदर सावरत विचारलंच, ह्या सगळ्या जेवतात तरी किती?

चुलीपाशी मासवड्यांचे काप करत बसलेल्या अंजनाबाई हसल्या. रस्सा उकळत होता, भाकऱ्यांची चळत वाढत होती. गेल्या महिन्यात मुंबईला शेवटचा सामना खेळून त्यांची लेक कल्याणी कायमची घरी आली होती. घरी येऊन गुडघ्याचा पट्टा सोडून तिनं "आई, आता बास" म्हटलं, तेव्हा अंजनाबाईंना रडावं की हसावं कळलं नव्हतं. आज मात्र त्यांना आनंदच झाला होता. तिची सगळी टीम तिला भेटायला पुण्याहून आली होती आणि दोन्ही अंगचे पाहुणे जमले होते.

फक्त एका गोष्टीची त्यांना काळजी होती. जेवणं झाली की त्यांचे यजमान भागुजी खळ्याचा निकाल सांगणार होते.

आणि भागुजींना त्याची फिकीर दिसत नव्हती. त्यांनी मर्सीला वाटेतच गाठलं होतं आणि खळ्याच्या मधोमध रोवलेल्या तिवड्यापाशी नेलं होतं. पूर्वी मळणीला बैल ज्याच्याभोवती फिरत, तो हा खांब. त्याला सागाचा लांब वासा जोडलेला आणि वाशाच्या टोकाला लोखंडी रिंग. मागं फळी नाही, खाली जाळी नाही.

"ही रिंग," भागुजी छातीवर हात ठेवून सांगत होते. "माझ्या हातची. एसटीत मेकॅनिक व्हतो ना मी."

अंजनाबाईंनी विळी जरा जोरातच सरकवली. कल्याणीचा फोटो पहिल्यांदा पेपरात आला तेव्हा ही गोष्ट 'मी रिंग बसवली' एवढीच होती. मग ती दर वर्षी वाढत गेली. मागच्या वर्षी चॅनेलवाल्या मुलीला तर त्यांनी सांगून टाकलं, की पोरीचे हात पाळण्यातच बघून मी ओळखलं होतं.

खरं असं होतं, की रिंग कपिलची होती. थोरला लेक. नववीत असताना त्यानं कुठल्या तरी वर्तमानपत्रात हा खेळ पाहिला आणि त्याला वेडच लागलं. घोडेगावात अमृतलाल शेठच्या दुकानात जाळीत घालून टांगलेला एक चेंडू होता. गिऱ्हाईक नाही म्हणून कैक वर्षं तिथंच होता. त्या एका चेंडूसाठी पोरानं सबंध दिवाळी शेठच्या दुकानात तेलाचे डबे उचलले. मग चेंडू काखेत मारून तो सावळाराम लोहाराकडं गेला आणि रिंग करून घेऊन आला. भागुजींनी काय केलं, तर सुट्टीच्या दिवशी शिडी धरली.

वर्षभर कपिल सकाळ-संध्याकाळ खळ्यावर होता. पुण्याला जिल्ह्याच्या निवडीला जायचं म्हणत होता. आणि जायच्या आदल्या दिवशी त्यानं चेंडू आणून धाकट्या बहिणीच्या पुढ्यात टाकला. "घे, तू खेळ," म्हणाला. "मला नेम न्हाई."

पहिला पत्रकार आला तेव्हा भागुजींनी कुणाला बोलूच दिलं नाही. कल्याणी तर रिंग बसवली तेव्हा तीन-चार वर्षांची होती, दादाचं खेळणं तिला आठवतच नव्हतं; तिनं वडिलांना शिडीपाशी पाहिलेलं, तिला तेच खरं वाटत आलं. त्या रात्री अंजनाबाई विषय काढायला गेल्या तर कपिलच म्हणाला, राहू दे आई, आबांना बरं वाटतंय. मग त्यांनीही तोंड मिटलं. पण आज पाहुण्यांत कुजबूज चालली होती, की बापानं पोरीसाठी रोवलेला तिवडा पोरगा उपटायला निघालाय. हे मात्र त्यांना सहन होत नव्हतं.

*

कपिल रस्त्याच्या कडेला पीयूषबरोबर उभा होता. अमृतलाल शेठ गेल्यावर दुकान त्यांच्या लेकानं, पीयूषनं वाढवलं होतं, आणि आता या खळ्यावर दोघांचं भागीदारीत हॉटेल उभं राहणार होतं. जागा मोक्याची होती. भीमाशंकरला जाणारी प्रत्येक गाडी या वळणावर वेग कमी करते. कपिलनं कितीतरी वर्षं याच रस्त्यावर जीप चालवली होती आणि चहा कुठं मिळेल, बाथरूम कुठं आहे, एवढं विचारत नाही असा पाहुणा त्याला भेटला नव्हता. मळणीचं मशीन आता थेट शेतात येतं. खळं वर्षभर रिकामंच असतं.

जेसीबीवाला उद्या सकाळी येईल, असं पीयूष सांगत होता. आज काकांनी शब्द दिला म्हणजे झालं. कपिल मान हलवत होता, पण त्याचं लक्ष खळ्याकडं होतं.

कल्याणीला तिथं कोर्ट हवं होतं. ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाली, दादा, आहुप्यापासून घोडेगावापर्यंत पोरींना खेळायला एक जागा नाही, ही देऊ या. तो म्हणाला, आणि खायचं काय? दोघं तेव्हापासून जेवणापुरतंच बोलत होती. भागुजींनी आपल्या पद्धतीनं हात झटकले होते. दोघांचं एकमत करा, जेवणं झाली की मला सांगा, नाहीतर मी जिवंत असेपर्यंत खळं आहे तसंच राहील.

सकाळपर्यंत घरातली बाजू कपिलकडं झुकलेली होती. झुंबरआत्या त्याच्या बाजूनं होत्या, कारण हॉटेलात त्यांच्या नातवाला नोकरी लागणार होती. बायको अमृतानं तर खोल्यांच्या पडद्यांचे रंगही ठरवले होते. पण मर्सी उतरल्या उतरल्या वाकून आत्यांच्या पाया पडली, आणि आत्या विरघळल्या. आता त्या मर्सीचा हात धरून, एवढ्या चांगल्या पोरींना खेळायला जागा नको का, असं सगळ्यांना विचारत फिरत होत्या. अमृता कालपासून गप्पच होती. तिच्या गप्पपणाचं कारण त्याला माहीत होतं. त्यांची सम्यका, चौदा वर्षांची, कल्याणीआत्या घरी आल्यापासून खळ्यावरून हलत नव्हती.

कल्याणीचा एकही सामना कपिलनं पाहिला नव्हता. पुण्याच्या कॉलेजातला नाही, रेल्वेचा नाही. थायलंडच्या लीगमधून ती दोन हंगाम खेळून आली, टीव्हीवर तिचे सामने दाखवायचे, तेव्हा हा नेमका गाडी धुवायला बाहेर जायचा. धंद्यातून वेळ मिळत नाही, असं लोक समजत. खरं म्हणजे जमिनीवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज आला की त्याच्या छातीत अजून कळ यायची, आणि याची त्याला फार लाज वाटायची.

*

जेवायला पाट मांडायच्या आधीच आत्यांनी टूम काढली, की जेवण पोटात गेल्यावर कोण पळतंय, आधी दोन डाव दाखवा. गावातली व्हॉलीबॉल खेळणारी पोरं लगेच पँटी दुमडून पुढं आली. रिंग एकच, त्यामुळं दोन्ही बाजूंनी तिच्यातच टाकायचं. शिट्टी सम्यकाच्या तोंडात.

कल्याणीनं गुडघ्याला पट्टा बांधला आणि खळ्यात पाय ठेवला. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हसली.

मग धूळ उडायला लागली. रेल्वेच्या बाया वाऱ्यासारख्या फिरत होत्या. चेंडू या हातातून त्या हातात जाई आणि गावच्या पोरांना दिसेपर्यंत तिसरीकडं पोचलेला असे. लोक कट्ट्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, जागा मिळेल तिथं चढले. भीमाशंकरहून येणाऱ्या दोन गाड्याही थांबल्या. पण रिंगपाशी मात्र भलतंच चाललं होतं. मर्सीनं टाकला, कडेला लागून उडाला. दुसरीनं टाकला, उडून थेट मांडवात, झुंबरआत्यांच्या परातीत. देशभर नावाजलेल्या खेळाडू, आणि चेंडू काही आत जाईना. पोरांना चेव आला, लोकांना हसू आवरेना.

कल्याणीला कारण माहीत होतं. याच रिंगवर तिचं सगळं लहानपण गेलं होतं. मळणीच्या दिवसांतही ती थांबत नसे. तिवड्याभोवती बैल फिरत असायचे आणि ती त्यांच्या पलीकडून, त्यांच्या शिंगांवरून चेंडू उंच फेकायची. मागं फळी नाही, म्हणजे चुकला की चेंडू उतारानं थेट ओढ्यात. तो आणायला जायचा कंटाळा, म्हणून नेम लागला, असं ती गमतीनं सांगायची. मग पुण्याच्या कॉलेजात पहिल्या दिवशी तिनं खरी रिंग पाहिली आणि तिला वाटलं, आपली कुणीतरी चेष्टा करतंय. एवढी मोठी? विहिरीत दगड टाकायला काय नेम लागतो? पहिल्या सरावाला तिचा एकही चेंडू चुकला नाही. सर म्हणाले, पोरी, फळीचा उपयोग कर. ती म्हणाली, सर, फळी कशाला लागते? त्या उंच, आवाज न करता आत पडणाऱ्या चेंडूनं तिला विद्यापीठाच्या संघात नेलं, रेल्वेत नोकरी दिली, विमानात बसवलं.

आपली रिंग लहान होती, हे मात्र तिनं घरी कधी सांगितलं नाही. आबा इतक्या कौतुकानं सांगतात, त्यांचं मन कशाला मोडायचं?

तिनं खळ्याच्या कडेवरून चेंडू हातात घेतला. समोर दोन पोरं हात वर करून आली. बैलांपुढं ती काहीच नव्हती. चेंडू वर गेला, उन्हात दिसेनासा झाला आणि कडेला न शिवता आतून खाली पडला. खळं दणाणलं. तिनं पुन्हा टाकला, पुन्हा आत. सम्यका शिट्टी वाजवायची सोडून उड्या मारत होती.

"थांबा," मर्सी ओरडली. "कल्याणी, ये रिंग है की कंगन?"

ती गाडीकडं पळाली आणि टीमनं भेट म्हणून आणलेली नवी कोरी रिंग, जाळीसकट, घेऊन आली. शिडी मागवली. वर चढून तिनं नवी रिंग जुनीच्या वर धरली. खालून सगळ्यांना दिसलं. जुनी रिंग नवीच्या पोटात बसली होती आणि भोवती चांगली चार-चार बोटं जागा उरली होती. मग मर्सीनं चेंडू जुन्या रिंगमध्ये घालून दाखवला. जेमतेम दोन बोटं सुटत होती.

म्हातारा सावळाराम लोहार कट्ट्यावरच बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसावतो तशी मापानं बसावली. पोरानं चेंडू पुढ्यात ठेवला, म्हणाला हा गेला पायजे. मंग ढिली कशाला करू?"

लोक पोट धरधरून हसले. मर्सीनं वरूनच विचारलं, काका, ही आपल्या हातची ना? तशा सगळ्या माना भागुजींकडं वळल्या.

भागुजी गडबडले. इतकी वर्षं कौतुक करून घेतलेली रिंग चारचौघांत चुकीची निघाली होती.

"मी न्हाई," ते घाईघाईनं म्हणाले. "कपिलनं केलीया ती. मी निस्ती शिडी धरली व्हती."

*

अमृता पंगतीच्या पत्रावळी मोजत उभी होती. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. कपिलच्या हातात पाण्याचा जग होता आणि तो तसाच तिरका धरलेला राहिला. पाणी त्याच्या चपलेवर सांडत होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं तिला एकदाच सांगितलं होतं. मीपण खेळायचो, पण मला नेम नव्हता. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. अमृताला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. प्रत्येकाचं काही ना काही राहूनच जातं. आता त्याचा चेहरा पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पडदे, खोल्या, सगळं ती त्या घटकेला विसरली.

कपिल जग खाली ठेवून तिवड्यापाशी गेला. मर्सीनं नवी रिंग त्याच्या हातात दिली. त्यानं आत वीत टाकून पाहिली, मग दुसरी वीत टाकून पाहिली.

"एवढी असती?" त्यानं विचारलं.

"सगळीकडं एवढीच असते," कल्याणी म्हणाली. तिला अजून नीट कळलं नव्हतं. "दादा, ही तू केली होतीस? तू खेळायचास?"

 अंजनाबाई चुलीपासून उठून आल्या होत्या. पिठाचे हात पदराला पुसत त्या भर मांडवात म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ खेळायचा. पुण्याला निवडीला जायाचं व्हतं त्याला. चेंडू आत जाईना म्हणून गेला न्हाई. मला नेम न्हाई म्हनला आन तुला दिऊन टाकला." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आता पेपरवाले आले तर हे सांगा."

भागुजींनी मान खाली घातली. 

कल्याणी भावाकडं बघत राहिली. सत्कारांमध्ये, मुलाखतींमध्ये, थायलंडच्या त्या भाषा न कळणाऱ्या कॅमेऱ्यापुढंही तिनं वडिलांचं नाव घेतलं होतं. दादाचं एकदाही नाही. आणि दादा प्रत्येक वेळी घरी ते ऐकत बसला होता. तिला फार वाईट वाटलं. पण रडायची ही वेळ नव्हती. तिनं पोरांना तार आणायला सांगितली.

नवी रिंग जुनीच्या पलीकडच्या अंगाला, बरोबर त्याच उंचीवर करकचून बांधली गेली. कल्याणीनं चेंडू कपिलच्या हातात दिला आणि बाजूला झाली. 

पहिला चेंडू रिंगच्या जवळपासही गेला नाही. पोटाचा घेर वाढला होता, खांदा आखडला होता. ट्रॉलीवरून कुणीतरी हसलं आणि अमृतानं तिकडं असं बघितलं की तो हसणारा गप्प झाला. दुसरा कडेला लागून परत आला. कपिलनं चपला काढल्या. पाय मातीत नीट रोवले, लहानपणी रोवायचा तसे, आणि तिसरा टाकला.

जाळी सळकन हलली.

मग काय झालं ते कुणालाच धड सांगता आलं नसतं. सम्यका धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली, रेल्वेच्या बायांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, गावची पोरं नाचायला लागली. कपिल सगळ्यांना दूर सारत एकच म्हणत होता, चेंडू द्या, चेंडू द्या इकडं. त्यानं पुन्हा टाकला, तोही गेला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता.

या गोंधळात पीयूष शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं हळूच विचारलं, कपिलभाऊ, जेसीबीवाल्याला काय सांगू?

"येऊ दे," कपिल म्हणाला. "जमीन सपाट कराया लागंलच. खड्डे किती हायेत बघ."

"आणि तिवडा?"

"तिवड्याला हात लावायचा न्हाई. हॉटेल पलीकडं, चिंचंखाली. दोन खोल्या कमी निघतील."

पीयूषनं थांबलेल्या दोन गाड्यांकडं पाहिलं. त्यातली माणसं केव्हाची खाली उतरून कट्ट्यावर बसली होती आणि चहा मागत होती. चालेल, तो म्हणाला, चिंचेखालून कोर्ट चांगलं दिसेल.

भागुजींना आता विचारायचं काही उरलं नव्हतं. तरी कपिल त्यांच्यापुढं जाऊन म्हणाला, आबा, आमचं एकमत झालं. त्यांनी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "शिडी मीच धरली व्हती, येवढं तरी सांगशील का?" अंजनाबाईंना हसू फुटलं आणि त्या पंगत मांडायला गेल्या.

पोरं जुनी रिंग सोडायला शिडीवर चढली होती. कल्याणीनं त्यांना खाली उतरवलं. ती तिथंच राहील, म्हणाली, ती माझी आहे.

बहीणभाऊ तिवड्याखाली उभे राहिले. कपिल हातातला चेंडू फिरवत होता. 

"कल्याणी, मी गेलो असतो पुण्याला," तो शेवटी म्हणाला, "तर घेतलं असतं का मला?"

तिला खोटं बोलता आलं असतं. निवडीला शेकड्यांनी पोरं येतात, कुणी सांगावं, एवढं म्हणून भागलं असतं. पण आत्ता तिनं त्याला तीन-चार वेळा चेंडू टाकताना पाहिलं होतं. इतक्या वर्षांनंतरही त्याचं मनगट कुठं वळतं ते तिला बरोबर दिसलं होतं. तेच मनगट तिचं होतं.

"घेतलं असतं दादा," ती म्हणाली. "आणि मग चेंडू मला मिळाला नसता."

कपिलनं चेंडू फिरवायचा थांबवला. त्यानं एकदा जुन्या रिंगकडं पाहिलं, एकदा बहिणीच्या पट्टा बांधलेल्या गुडघ्याकडं. मग चेंडू हळूच तिच्या हातात दिला. 

कल्याणीनं तो क्षणभर धरला आणि सामन्यात द्यायची तसा, जोरात, त्याच्या छातीवर परत फेकला. त्यानं झेलला.

"घे," ती म्हणाली. "आता तू खेळ."

मांडवातून अंजनाबाई जेवायला हाका मारत होत्या. कपिलनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो चार पावलं मागं सरला, पाय मातीत रोवले आणि बोटानं बहिणीला रिंगच्या अलीकडची जागा दाखवली.

"मधी उभी ऱ्हा," तो म्हणाला. "बैल कवाच विकले आपण."

कल्याणीनं पट्टा आवळला आणि दोन्ही हात वर करून त्याच्यासमोर उभी राहिली. त्याला एकही चेंडू सोपा द्यायचा नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.